मुलाच्या वहीत सापडलेला द्वेष

इतिहासाच्या आपल्या या सदरात आज बरंच लांब जायचं आहे, कॅनडा देशातल्या एका छोट्या गावात. गोष्ट शाळेची आहे. त्या शाळेत वर्षानुवर्षं ज्यू लोकांविषयीचा द्वेष शिकवला जात होता. तोही चोरूनमारून नाही, तर भर वर्गात, वहीत टिपणं लिहायला लावून, परीक्षेत त्यावर मार्क देऊन. एका आईनं मुलाची वही उघडून वाचली आणि मग तो थांबला. आम्ही ही गोष्ट निवडली, कारण तिच्यात सुरुवातीला कोणी मोठा पुढारी नाही की मोठी संस्था नाही. आईबाप आहेत, एक शिक्षणाधिकारी आहे, एक शिक्षण मंडळ आहे आणि दोन तट पडलेलं गाव आहे. म्हणजे जे आपल्याकडेही असतं तेच.

आधी ज्यू म्हणजे कोण, ते थोडक्यात. ज्यूंना यहुदीही म्हणतात. एकाच देवाला मानणारा हा फार जुना धर्म. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. युरोपात ते शेकडो वर्षं राहिले, पण कायम थोडे आणि कायम परके म्हणून. बऱ्याच ठिकाणी त्यांना जमीन घेता येत नसे, कारागिरांच्या संघांत शिरता येत नसे. मग काहींच्या वाट्याला व्याजबट्ट्याचा धंदा आला, आणि त्याच धंद्यावरून सगळ्या समाजाला शिव्या बसू लागल्या. रोगाची साथ आली, ज्यूंवर आळ. दुष्काळ पडला, ज्यूंवर आळ. १९०३ साली रशियात एक मजकूर छापला गेला. ज्यू पुढारी गुप्तपणे जमून जग ताब्यात घ्यायचा कट करताहेत, असं त्यात दाखवलं होतं. तो मजकूर बनावट होता. १९२१ साली लंडनच्या 'टाइम्स'नं तो कुठल्या जुन्या पुस्तकातून उचलला आहे हे शेजारी शेजारी छापून दाखवून दिलं. तरीही तो छापला जातच राहिला. जर्मनीत हिटलरनं १९३३ साली सत्ता घेतली, आणि १९४५ पर्यंत नाझींनी सुमारे ६० लाख ज्यू मारले. बायका, तान्ही मुलं, म्हातारी माणसं, कोणालाही सोडलं नाही.

ज्यूद्वेषाची एक खासियत इथे सांगायला हवी, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. एखाद्या समाजाचा द्वेष करणारे बहुधा त्याला खालचा, हलका म्हणतात. तसलं ज्यूंनाही म्हटलं गेलंच. पण त्याबरोबर आणखी एक सांगितलं गेलं, की हे लोक दिसत नाहीत पण सगळीकडे आहेत. बँका त्यांच्या, वर्तमानपत्रं त्यांची, युद्धं त्यांनीच लावलेली. असा आरोप एकदा डोक्यात बसला की समोर ज्यू असण्याची गरजच राहत नाही. उलट ज्यू दिसत नाहीत हाच कटाचा पुरावा ठरतो. म्हणून ज्या गावात एकही ज्यू नाही, तिथेही हा द्वेष छान वाढू शकतो.

आमच्या गोष्टीतलं गाव तसंच होतं. नाव एकव्हिल. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रेड डिअर शहराच्या पश्चिमेला. वस्ती हजाराच्याही आत. शेतीचा मुलूख. या प्रांतानं १९३० च्या दशकातली मोठी मंदी फार वाईट सोसली. धान्याचे भाव पडले, कर्जं फिटेनात, बँकांनी तगादा लावला. त्या रागातून सोशल क्रेडिट नावाचा पक्ष निघाला आणि १९३५ पासून १९७१ पर्यंत त्यानं अल्बर्टावर राज्य केलं. हा पक्ष ज्याच्या विचारावर उभा होता तो मेजर डग्लस हा इंग्रज इंजिनिअर बँकांच्या जुलमामागे ज्यूंचा कट आहे असं लिहीत असे. पक्षातल्या सगळ्यांनाच ते मान्य नव्हतं, पण मानणारेही होते. कर्जाचा राग माणसाला समजतो. आपल्याकडे १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे काढून जाळले होते. पण कर्जावरचा राग एखाद्या जातीवर, धर्मावर वळवायला फार वेळ लागत नाही, आणि वळवणारा कोणीतरी भेटतोच.

एकव्हिलला भेटलेल्या माणसाचं नाव जेम्स कीगस्ट्रा. आधी तो मोटार मेकॅनिक होता. मग शिकून शिक्षक झाला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून एकव्हिलच्या हायस्कुलात समाजशास्त्र शिकवू लागला. समाजशास्त्र म्हणजे आपल्याकडचं इतिहास-नागरिकशास्त्र. कडक शिस्तीचा, वेळेचा पक्का, चर्चला नियमानं जाणारा. पुढे तो गावाचा महापौरही झाला. अशा माणसावर आईबाप विश्वास टाकणारच. मुलांनाही तो आवडायचा. त्याच्या तासाला वर्ग शांत असे.

त्या शांत वर्गात काय शिकवलं जात होतं, ते पुढे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदवलं गेलं. ज्यू हे कपटी, पैशाचे आणि सत्तेचे भुकेले, मुलांना मारणारे आहेत. त्यांना ख्रिस्ती धर्म संपवायचा आहे. मंदी, युद्धं, क्रांत्या, सगळ्यांच्या मागे तेच आहेत. आणि ६० लाख ज्यू मारले गेले ही कहाणी त्यांनी सहानुभूती मिळवण्यासाठी रचली आहे. मुलांनी हेच परीक्षेत लिहावं अशी त्याची अपेक्षा असे. जो वेगळं लिहील त्याचे मार्क कमी होत.

मैत्रिणींनो, मार्कांची ही गोष्ट विसरू नका. घरी आईबाप मुलाला सांगतात, सर सांगतील ते नीट लिहून घे. मुलगा लिहून घेतो. परीक्षेत तेच उतरवतो. त्याला चांगले मार्क पडतात, घरात आनंद होतो. त्याच्या डोक्यात काय भरलं गेलं, ते मार्कपत्रिकेवर दिसत नाही. पाठ्यपुस्तकात वेगळं लिहिलेलं असलं तर त्यावरही कीगस्ट्राचं उत्तर तयार होतं, की पुस्तकं कटवाल्यांच्या ताब्यात आहेत, खरं ते छापूच देत नाहीत. मग खरं कळायचं कुठून? तर फक्त सरांकडून. मुलांना त्यानं दुसरं दारच ठेवलं नव्हतं. आणि बहुतेक मुलांनी उभ्या आयुष्यात ज्यू माणूस पाहिलेला नव्हता. शेजारी एखादी ज्यू बाई राहत असती, तिच्या मुलांबरोबर ही मुलं खेळली असती, तर निदान एकाला तरी प्रश्न पडला असता.

अगदीच कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. १९८१ च्या अखेरीला एका पालकानं तक्रार केली. तिथले शिक्षणाधिकारी रॉबर्ट डेव्हिड यांनी चौकशी केली आणि १९८२ च्या सुरुवातीला कीगस्ट्राला लेखी बजावलं, की ज्यूंच्या कटाची कल्पना खरा इतिहास म्हणून शिकवू नका, नेमलेला अभ्यासक्रम शिकवा. शिक्षण मंडळासमोरही त्याची सुनावणी झाली. सगळ्यांना वाटलं, प्रकरण मिटलं.

त्यानंतर ऑक्टोबर १९८२ मध्ये सुसान मॅडॉक्स नावाच्या आईनं आपल्या मुलाच्या वहीतली टिपणं वाचली. मॅडॉक्सबाई ज्यू नव्हत्या. त्यांचं वैयक्तिक असं काही अडलेलं नव्हतं. पण वहीत जे होतं ते इतिहास नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. आता या वहीचं महत्त्व बघा. ताकीद देऊन कित्येक महिने झाले होते. शिक्षक जुनंच शिकवतो आहे, हे त्या वहीनं दाखवून दिलं. 'मी असं म्हणालोच नाही' असं शिक्षकाला म्हणता येतं, पण मुलांच्या अक्षरात लिहिलेलं कसं नाकारणार? इतर पालकही पुढे आले. ७ डिसेंबर १९८२ रोजी लॅकोम परगण्याच्या शिक्षण मंडळानं कीगस्ट्राला नोकरीवरून काढायचा ठराव केला. कारण दिलं ते सरळ होतं, की नेमलेला अभ्यासक्रम त्यानं शिकवला नाही आणि मंडळाच्या सूचना पाळल्या नाहीत.

हे वाचताना सोपं वाटतं, पण लहान गावात ते सोपं नसतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो माणूस तुमच्या मुलाचा शिक्षक आहे, गावचा महापौर आहे, दुकानात, रस्त्यावर रोज भेटतो. गाव दुभंगलं. कित्येकांना वाटलं, चांगल्या माणसावर अन्याय झाला. मुलांनीही सरांची बाजू घेतली. गावाचं नाव वर्तमानपत्रांत, टीव्हीवर गाजू लागलं, तेव्हा तर राग तक्रार करणाऱ्यांवरच निघाला, की तुम्ही गावाची बदनामी केली. घाण करणाऱ्यापेक्षा घाण दाखवणाऱ्याचा राग जास्त येतो, हा अनुभव आपल्याला नवीन नाही.

कीगस्ट्रानं बडतर्फीविरुद्ध अपील केलं. ते न्यायमूर्ती एलिझाबेथ मॅकफेडियन यांच्यापुढे चाललं. एप्रिल १९८३ मध्ये त्यांनी निकाल दिला, की मंडळानं केलं ते बरोबर. त्याचा शिक्षकाचा परवानाही गेला. आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये गावच्या निवडणुकीत लोकांनी त्याला महापौरपदावरून मोठ्या फरकानं पाडलं. आम्हाला या निवडणुकीचं मोल वाटतं. वर्षभर दोन तट पडलेलं गाव शेवटी स्वतः मत देऊन बोललं.

पुढे खटला झाला. कॅनडात एखाद्या समाजाविरुद्ध जाणूनबुजून द्वेष पसरवणं हा गुन्हा आहे. त्या कलमाखाली १९८४ साली कीगस्ट्रावर आरोप ठेवला गेला. १९८५ साली रेड डिअरला सुमारे ७० दिवस सुनावणी चालली. साक्षीदार कोण? त्याचे जुने विद्यार्थी. पुरावा कसला? त्यांच्या वह्या आणि परीक्षेतले निबंध. न्यायालयानं त्याला दोषी ठरवून ५,००० डॉलर दंड केला. पण १९८८ साली अल्बर्टाच्या अपील न्यायालयानं तो निकाल रद्द केला. त्यांचं म्हणणं, हे कलमच बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या आड येतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९९० मध्ये तिथे सात न्यायमूर्तींपैकी चार एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला, असा निकाल लागला. सरन्यायाधीश ब्रायन डिक्सन यांनी बहुमताच्या वतीनं लिहिलं, की कलम योग्य आहे; एखाद्या समाजाचा द्वेष पसरवण्यानं त्या समाजाच्या माणसांची प्रतिष्ठा जाते आणि सगळ्या देशाचं नुकसान होतं.

विरोधातल्या तीन न्यायमूर्तींना द्वेष मान्य होता असं मुळीच नाही. त्यांच्यातल्या बेव्हर्ली मॅकलॅक्लिन यांचं म्हणणं असं, की फौजदारी कायद्यानं बोलणं दडपायला निघालं की निरपराधही त्यात सापडतील, आणि खटल्यामुळे अशा माणसाला फुकटची प्रसिद्धी मिळते. या मॅकलॅक्लिन पुढे २००० साली कॅनडाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या. त्या दिवशीच्या खंडपीठावर तीन स्त्रिया होत्या. दोघी एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. प्रामाणिक, शहाण्या माणसांतही मतभेद व्हावा असाच हा प्रश्न आहे, एवढं ध्यानात घ्यावं. खटला त्यानंतरही संपला नाही. पुन्हा सुनावणी, पुन्हा अपील, असं करत १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात शिक्षा कायम झाली. शेवटी वाट्याला आली ती एक वर्षाची स्थगित कैद आणि २०० तास समाजसेवा. कीगस्ट्रा २०१४ साली वारला.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. फौजदारी खटला १९८४ ते १९९६, म्हणजे बारा वर्षं. आणि मॅडॉक्सबाईंची तक्रार ऑक्टोबरमध्ये, बडतर्फी डिसेंबरमध्ये, म्हणजे जेमतेम दोन महिने. कायद्याची मोठी लढाई देशासाठी महत्त्वाची होतीच. पण वर्गातल्या मुलांना त्या द्वेषातून सोडवलं ते पालकांनी आणि स्थानिक मंडळानं, आणि तेही खटला उभा राहण्याच्या आधी.

पण शिक्षक गेला म्हणून द्वेष लगेच गेला नाही. मुलांची सरांवर श्रद्धा होती. खटल्यात साक्ष द्यायला आलेल्या तरुणांपैकी काहींचा अजूनही त्या शिकवणीवर विश्वास होता. बारा-पंधरा वर्षांच्या वयात, आवडत्या माणसाकडून शिकलेली गोष्ट नोकरीच्या आदेशासारखी रद्द करता येत नाही. अल्बर्टा सरकारला हे कळलं. १९८३ साली त्यांनी रॉन गिटर यांच्या अध्यक्षतेखाली सहिष्णुता आणि समजूतदारपणा या विषयावर समिती नेमली. गिटर स्वतः ज्यू, कॅलगरीचे वकील आणि माजी आमदार. समिती प्रांतभर फिरली, लोकांचं ऐकलं आणि १९८४ च्या अखेरीस अहवाल दिला. एकव्हिलच्या एका शिक्षकापासून निघालेला प्रश्न सगळ्या प्रांताच्या शाळांत मुलांना काय शिकवायचं इथपर्यंत पोचला.

मैत्रिणींनो, एकव्हिलमध्ये ज्यू नव्हते. जिथे ज्यू मुलं त्याच शाळांत जातात, तिथे काय होतं? त्यासाठी कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्व किनाऱ्याकडच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मॉन्क्टन शहरात जाऊ. तिथे माल्कम रॉस नावाचा शिक्षक १९७६ पासून नोकरीला होता. तो वर्गात ज्यूंविषयी बोलला असा पुरावा नव्हता. त्याचं काम शाळेबाहेर चाले. पुस्तकं, वर्तमानपत्रांना पत्रं, पुढे टीव्हीवर मुलाखत. सगळ्यांत ज्यूंच्या कटाचीच भाषा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून लोकांना हे माहीत होतं. शाळा मंडळानं ताकीद दिली, समज दिली, पण तो शिकवतच राहिला.

एप्रिल १९८८ मध्ये डेव्हिड अ‍ॅटिस या ज्यू बापानं मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नोंदवली. त्यांची मुलं त्याच मंडळाच्या दुसऱ्या शाळेत होती. त्यांची तक्रार मुख्यतः मंडळाविरुद्ध होती. तुम्ही अशा माणसाला वर्गात ठेवता, म्हणजे त्याच्या बोलण्याला मान्यता देता, असं त्यांचं म्हणणं. चौकशीत मुलांनी जे सांगितलं ते ऐकून कोणाही आईच्या पोटात कालवेल. ज्यू मुलांना नावं ठेवली जात. त्यांच्या बाकांवर नाझींचं चिन्ह कोरलं जाई, फळ्यावर काढलं जाई. एका मुलीला रॉसच्या शाळेत कसरतीच्या स्पर्धा बघायला जायचं होतं. तिची मैत्रीण तिला म्हणाली, तू तिथे जाऊ शकत नाहीस, ज्यूंचा द्वेष करणारे सर तिथेच शिकवतात.

रॉसनं त्या मुलीला कधी काही म्हटलेलं नव्हतं. पण शाळेचं दार तिच्यासाठी बंद झालं होतंच. हे न्यायालयाला पटवायला आठ वर्षं लागली. १९९१ मध्ये चौकशी मंडळानं रॉसला वर्गाबाहेर काढायचा आदेश दिला. १९९३ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयानं तो फिरवला. ३ एप्रिल १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला. कुठला मुलगा नेमका कोणाच्या लिखाणामुळे बाकावर चिन्ह कोरतो, हे बोट ठेवून सिद्ध करायची गरज नाही. शिक्षक हा समाजात आदर्श मानला जातो, त्याचं वजन मुलांवर पडतं, आणि शाळेचं वातावरण विषारी होऊ न देणं ही मंडळाची जबाबदारी आहे. रॉसला वर्गात शिकवता येणार नाही. शिकवण्याखेरीज दुसरं काम असेल तर द्यावं. मात्र, पुढे त्यानं काही लिहिलं तर नोकरीच जाईल, हा भाग न्यायालयानं रद्द केला. म्हणजे लिहायला तो मोकळा, पण मुलांपुढे शिक्षक म्हणून उभं राहायला नाही. रॉसनं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडेही दाद मागितली. तिनंही २००० साली त्याच्या विरुद्धच मत दिलं.

हा १९९६ चा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ला फॉरेस्ट हे कीगस्ट्राच्या खटल्यात विरोधातल्या तिघांपैकी एक होते. बोलल्याबद्दल फौजदारी शिक्षा करावी का, याविषयी त्यांना शंका होती. पण मुलांच्या शाळेत अशा माणसानं शिकवावं का, याविषयी त्यांना काही शंका उरली नाही. आम्हाला वाटतं, दोन्ही प्रकरणांचं सार इथेच आहे. माणसाला घरी काय वाटावं, हा एक प्रश्न. शाळेनं मुलांना काय द्यावं, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर आईबापांचा पूर्ण हक्क आहे.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. ज्यू आपल्याला परके नाहीत. कोकणात रायगडच्या किनाऱ्याला बेने इस्रायल लोक शतकानुशतकं राहिले. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. त्यांची आडनावं केहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली. घरात मराठी, कीर्तनही मराठीत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत १८७५ साली इस्रायली शाळा काढली. पुढे तीच सर एली कदूरी शाळा झाली आणि रिबेका रूबेन या विदुषी कित्येक वर्षं तिच्या मुख्याध्यापिका होत्या. कामा रुग्णालयात असंख्य बायकांची बाळंतपणं करणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजाच्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९४८ नंतर बरेच लोक इस्रायलला गेले, आणि तिथेही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. जगात ज्यूंनी जिथे जिथे वस्ती केली, तिथल्या छळाच्या कहाण्या फार आहेत. कोकणातल्या शेजाऱ्यांनी त्यांचा छळ केला नाही, हे ते स्वतः सांगतात.

पण ते निघून गेले आणि आता आपल्यापैकी बहुतेकींची मुलंही एकव्हिलच्या मुलांसारखीच आहेत. त्यांनी ज्यू माणूस पाहिलेला नाही. हिटलरचं आत्मचरित्र मात्र त्यांना फुटपाथवर मराठीत मिळतं. 'शिस्त होती बरं का त्याच्याकडे' असं कौतुकही कानावर पडतं. २००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावानं एक उपाहारगृह उघडलं होतं. मुंबईतल्या ज्यूंनी निषेध केला, समजावलं, आणि मालकानं नाव बदललं. ज्यांची माणसं मारली गेली त्यांनाच पुढे यावं लागलं. एकव्हिलमध्ये ते काम शेजारच्या आईनं केलं होतं, आणि खरं तर ते तिचंच होतं. ज्या समाजाचा द्वेष शिकवला जातो, तो समाज वर्गात हजर नसेल तर उत्तर कोण देणार? जे हजर आहेत त्यांनाच द्यावं लागतं. आज ज्यू म्हणू, उद्या त्या जागी दुसऱ्या जातीचं, दुसऱ्या धर्माचं नाव असेल. वर्गातली रीत तीच असते: ते सगळे तसेच, सगळ्याच्या मागे तेच, आणि पुस्तकात लिहिलंय ते खोटं.

मग आपण काय करायचं? मॅडॉक्सबाईंनी केलं तेच. मुलाची वही आठवड्यातून एकदा वाचायची. आपल्याला स्वतःला वाचता येत नसेल तर मुलालाच मोठ्यानं वाचायला सांगायचं. 'ते सगळे लोक असे असतात' असं वाक्य आलं की विचारायचं, हे तुला कोणी सांगितलं, आणि पुस्तकात कुठे आहे दाखव. खटकलं तर वही फाडायची नाही, जपून ठेवायची. शिक्षकाशी भांडत बसण्याआधी तारीख घालून लेखी अर्ज मुख्याध्यापकांना द्यायचा, त्याची पोच घ्यायची, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडायचा. त्या समितीत पालकच जास्त असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. कायद्यानंच तसं ठरवलं आहे. एकटीनं जाऊ नये, दोघीतिघींनी जावं. एकदा ताकीद मिळाली म्हणजे झालं असंही समजू नये. एकव्हिलला पहिल्या तक्रारीनंतर सगळे गप्प बसले होते, आणि वर्गात तेच चालू राहिलं होतं. दोन महिन्यांनी वही पुन्हा उघडून बघायची.

तुमच्या मुलांच्या शाळेत असं काही कानावर आलं असेल, किंवा कोण्या शिक्षिकेनं मुलांना दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या देशाच्या माणसांची छान ओळख करून दिली असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पत्र लिहा किंवा केंद्रावर येऊन बोला. नाव नको म्हणालात तर नाव सांगणार नाही. पुढच्या भागात आम्ही डॉ. जेरुशा झिराड यांच्याविषयी सविस्तर बोलणार आहोत. तोवर नमस्कार.